विश्लेषण : हायड्रोजन बस अडली कुठे? उत्तर दडले आहे काही ग्रॅम प्लॅटिनममध्ये

पुण्यात २१ ऑगस्ट २०२२ रोजी देशी बनावटीच्या फ्युएल सेलवर चालणाऱ्या हायड्रोजन बसचे अनावरण झाले. केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते हा कार्यक्रम झाला. पुण्याची केपीआयटी कंपनी आणि केंद्र सरकारची संशोधन परिषद सीएसआयआर यांनी मिळून ही बस तयार केली होती. धूर नाही, इंजिनाची धडधड नाही आणि मागच्या नळीतून बाहेर पडते ते फक्त पाणी. फोटो सगळीकडे फिरले. पण आजही सेलूच्या बसस्थानकात उभे राहिलात तर समोर येते ती बहुधा डिझेलचीच एसटी.

असे का? हायड्रोजन महाग आहे, पंप नाहीत, टाक्या महाग आहेत, ही उत्तरे बरोबरच आहेत. पण आणखी एक कारण गाडीच्या आत आहे. फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम हा मौल्यवान धातू लागतो. तो किती कमी वापरता येईल आणि किती वर्षे टिकवता येईल, यावर जगभरात काम सुरू आहे. त्यातले काही काम पुण्यातही होते. हे प्रकरण नेमके काय आहे, सोप्या भाषेत समजून घेऊ.

फ्युएल सेल म्हणजे नेमके काय?

फ्युएल सेलमध्ये इंधन जळत नाही. डिझेल इंजिनात स्फोट होतो, पिस्टन हलतो, चाक फिरते. फ्युएल सेलमध्ये यातले काहीच नाही. एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन येतो. मध्ये प्लॅस्टिकसारखा पातळ पडदा असतो, त्याला मेंब्रेन म्हणतात. हायड्रोजनच्या रेणूचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा फक्त प्रोटॉनला आतून जाऊ देतो. इलेक्ट्रॉनला बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते. हा वळसा म्हणजेच वीज. ही वीज मोटर फिरवते. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजन एकत्र आले की पाणी तयार होते.

कल्पना जुनी आहे. ब्रिटनमधील विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरून असा सेल करून दाखवला होता. १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ५ या अंतराळयानात पडद्याचे फ्युएल सेल वापरले गेले. म्हणजे तंत्र चालते, यात शंका नाही. प्रश्न आहे तो अंतराळयानातली वस्तू एसटीच्या बजेटमध्ये बसवण्याचा.

मग प्लॅटिनम कशाला?

शाळेच्या प्रयोगशाळेत पोटॅशियम क्लोरेट तापवताना त्यात मँगनीज डायऑक्साइड टाकतात, हे अनेकांना आठवत असेल. त्याने ऑक्सिजन लवकर सुटतो आणि मँगनीज डायऑक्साइड मात्र तसेच राहते. यालाच उत्प्रेरक म्हणतात. तो अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्च होत नाही.

फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम हेच काम करतो. हायड्रोजनची बाजू सोपी आहे. तिथे अगदी थोडे प्लॅटिनम पुरते. खरी अडचण ऑक्सिजनच्या बाजूला आहे. ऑक्सिजनचे दोन अणू दुहेरी बंधाने घट्ट जोडलेले असतात. तो बंध तोडायचा, चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन जोडायचे आणि पाण्याचे दोन रेणू बनवायचे, तेही ७० अंशांच्या आसपास. ही अभिक्रिया हायड्रोजनच्या बाजूपेक्षा कैक पटींनी संथ आहे. म्हणूनच सेलमधले बहुतांश प्लॅटिनम ऑक्सिजनच्या बाजूला घालावे लागते.

याचा फटका विजेलाही बसतो. पुस्तकी हिशेबाने एका सेलमधून १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. प्रत्यक्षात गाडी चालताना ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात. या घटीचा सर्वात मोठा वाटा ऑक्सिजनच्या संथपणाचा. त्यामुळे असे शेकडो सेल चवडीसारखे एकावर एक रचावे लागतात. या चवडीला ‘स्टॅक’ म्हणतात.

दुसरा धातू का चालत नाही?

चांगल्या उत्प्रेरकाची अट मजेशीर आहे. त्याने ऑक्सिजनला धरायला हवे, पण धरून बसायला नको. पकड सैल असेल तर बंध तुटत नाही. पकड फार घट्ट असेल तर तयार झालेला पदार्थ पृष्ठभागावरून निघतच नाही आणि पुढच्या रेणूला जागा मिळत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिए यांच्या नावाने हे तत्त्व ओळखले जाते.

सोने ऑक्सिजनला जवळ करत नाही. लोखंड, निकेल हे धातू त्याला इतके घट्ट धरतात की गंजून जातात. शिवाय पडद्यातले वातावरण तीव्र आम्लाचे असते, त्यात स्वस्त धातू विरघळतात. डेन्मार्कमधील येन्स नॉर्स्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये संगणकीय गणिताने वेगवेगळ्या धातूंची ही पकड मोजून आलेख काढला. तो डोंगरासारखा दिसतो. प्लॅटिनम शिखराच्या जवळ आहे, पण अगदी शिखरावर नाही. त्याची ऑक्सिजनवरची पकड हवी त्यापेक्षा किंचित घट्ट आहे.

उत्प्रेरकाच्या ‘डिझाइन’ची सुरुवात इथून होते. ही पकड थोडी सैल कशी करायची?

‘डिझाइन’ करतात म्हणजे काय करतात?

मुख्यतः तीन वाटा आहेत.

पहिली, धातू बारीक करणे. अभिक्रिया फक्त पृष्ठभागावर होते, आतले अणू बसून राहतात. एक ग्रॅम प्लॅटिनमचा ठोकळा केला तर त्याचा पृष्ठभाग एक चौरस सेंटीमीटरही भरत नाही. तेच एक ग्रॅम ३ नॅनोमीटरच्या कणांत वाटले तर पृष्ठभाग सुमारे ९० चौरस मीटर होतो. म्हणजे साडेनऊशे चौरस फुटांचे घर. हे कण कार्बनच्या काळ्या भुकटीवर बसवतात, त्याची शाई बनवतात आणि ती पडद्याला लावतात. सुरुवातीच्या काळात एका चौरस सेंटीमीटरला काही मिलिग्रॅम प्लॅटिनम लागायचे. या युक्तीने ते ०.४ मिलिग्रॅमच्या खाली आले.

दुसरी, मिश्रधातू करणे. प्लॅटिनममध्ये कोबाल्ट किंवा निकेल मिसळले की त्यांचे लहान अणू प्लॅटिनमच्या अणूंना जवळ ओढतात. त्यामुळे पृष्ठभागाची ऑक्सिजनवरची पकड थोडी सैल होते, म्हणजे हवी तिथे येते. २००७ मध्ये अमेरिकेच्या आरगॉन प्रयोगशाळेतील व्होइस्लाव्ह स्टामेनकोविच, नेनाद मार्कोविच आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनम-निकेलचा एक विशिष्ट स्फटिक पृष्ठभाग तशाच शुद्ध प्लॅटिनमच्या पृष्ठभागापेक्षा दहापट प्रभावी असल्याचे दाखवले. मात्र तो प्रयोगशाळेतला गुळगुळीत स्फटिक होता. तोच गुण नॅनोकणांत आणणे आणि तो वर्षानुवर्षे टिकवणे ही वेगळी लढाई आहे. गाड्यांमध्ये प्लॅटिनम-कोबाल्ट अधिक रुळले. डिसेंबर २०१४ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेल्या टोयोटा मिराईत हेच मिश्रण होते.

तिसरी, आतला गाभा दुसऱ्या धातूचा ठेवून वर प्लॅटिनमचा अगदी पातळ थर देणे. सोन्याचा मुलामा दिलेल्या दागिन्यासारखेच हे. अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत रादोस्लाव्ह आजिच यांच्या गटाने यावर मोठे काम केले. मुलाम्यात एखादे छिद्र राहिले की आतला धातू आम्लात विरघळतो, ही त्यातली जोखीम.

पुण्यात काय झाले?

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, १९५० पासून सुरू आहे. २०१६ मध्ये एनसीएल आणि तमिळनाडूतील कराईकुडीची सीएसआयआर-सेक्री यांनी केपीआयटीसोबत मोटारगाडीसाठीच्या फ्युएल सेलचे काम हाती घेतले. ऑक्टोबर २०२० मध्ये या स्टॅकवर चालणाऱ्या कारची चाचणी जाहीर झाली. १० किलोवॉटचा स्टॅक, ६५ ते ७५ अंश तापमान, ३५० बार दाबाच्या टाकीत सुमारे १.७५ किलो हायड्रोजन आणि तेवढ्यात अंदाजे २५० किलोमीटर, असे त्याचे गणित होते.

या कामात एक वाटणी महत्त्वाची आहे. पडदा आणि त्यावरचे उत्प्रेरकाचे थर मिळून जो भाग बनतो, तो फ्युएल सेलचे हृदय मानला जातो. त्याचे ज्ञान सीएसआयआरचे होते. धातूच्या अतिशय पातळ पट्ट्या, सील आणि सगळी जुळणी हे केपीआयटीचे काम. आयात स्टॅक आणून गाडीत बसवणे आणि हे हृदय घरी बनवता येणे यात मोठा फरक आहे. एनसीएलमध्ये श्रीकुमार कुरुंगोट यांचा गट कमी प्लॅटिनमचे आणि प्लॅटिनमविरहित उत्प्रेरक यांवर अनेक वर्षे संशोधन करत आहे.

कार, बस, मग बोट. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या हायड्रोजन बोटीचे फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले. तिच्या फ्युएल सेल यंत्रणेतही केपीआयटीचा सहभाग आहे.

एका बसला किती प्लॅटिनम लागेल?

टोयोटा मिराईच्या पहिल्या पिढीत प्लॅटिनम ३० ग्रॅमच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. एक किलोवॉटला ०.३ ग्रॅम धरले, तर १०० किलोवॉटच्या बसलाही ३० ग्रॅमच लागेल. प्लॅटिनमचा एक ग्रॅम कित्येक हजार रुपयांना मिळतो. म्हणजे एका बसमध्ये नुसत्या धातूची किंमत लाखाच्या घरात जाते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने कारसाठी ठेवलेले उद्दिष्ट किलोवॉटला ०.१२५ ग्रॅम आहे. ते बसला लावले तर १२.५ ग्रॅम पुरतील.

‘बसच्या एकूण किमतीपुढे लाख रुपये म्हणजे काय मोठे,’ असे कुणी म्हणेल. आज ते खरे आहे. पण बाकीचे भाग जितके जास्त बनतील तितके स्वस्त होतात. प्लॅटिनमचे उलटे आहे. मागणी वाढली की भाव वाढतो. अमेरिकेतल्या अभ्यासानुसार वर्षाला लाखो स्टॅक बनू लागले तर स्टॅकच्या खर्चात उत्प्रेरकाचा वाटा सर्वात मोठा, सुमारे ४० टक्के होतो. म्हणजे बाकी सगळे स्वस्त झाल्यावर अडणारी गोष्ट प्लॅटिनम असेल.

उत्प्रेरक खर्च होत नाही, मग खराब का होतो?

पुस्तकात उत्प्रेरक अमर असतो, गाडीत नसतो. बस थांबते, निघते, चढ चढते. प्रत्येक वेळी सेलचा व्होल्टेज वर-खाली होतो. त्यात प्लॅटिनमचे थोडे अणू विरघळतात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. लहान कण संपतात, मोठे आणखी मोठे होतात आणि ते ‘साडेनऊशे चौरस फूट’ आक्रसत जातात. खालचा कार्बनही झिजतो. मिश्रधातूतले कोबाल्ट सुटून पडद्यात शिरते.

अवजड ट्रकसाठी २५ हजार तासांचे आयुष्य हे उद्दिष्ट मानले जाते. बसला तेच लावले आणि सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर धरला, तर साडेसात लाख किलोमीटर होतात. प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी चमकणारा उत्प्रेरक यातल्या किती तासांना तसाच राहतो, ही खरी परीक्षा. म्हणूनच अशा वाहनांत बॅटरीही असते. झटके बॅटरी घेते आणि फ्युएल सेल शक्यतो एका लयीत चालतो.

मराठवाड्यासाठी आणखी दोन मुद्दे. ७० अंशांवर चालणाऱ्या सेलला बाहेर ४४ अंश तापमान असताना थंड ठेवायचे तर रेडिएटर मोठा लागतो. आणि सेलचा ऑक्सिजन याच हवेतून येतो. धूळ आणि सल्फर डायऑक्साइडसारखे वायू आत गेले तर उत्प्रेरक झाकला जातो, म्हणून हवेचा फिल्टर तगडा लागतो.

पऱ्हाटीपासून हायड्रोजन करता येईल का?

सेलू तालुक्यासाठी हा सर्वात जवळचा प्रश्न. कापसाची वेचणी संपली की पऱ्हाटी उपटून बांधावर टाकतात किंवा जाळतात. अशा काडीकचऱ्यापासून हायड्रोजन मिळू शकतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केपीआयटीसोबत भात, गहू, मका यांच्या अवशेषांपासून जिवाणूंच्या मदतीने हायड्रोजन आणि नंतर मिथेन मिळवण्याची पद्धत विकसित केल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. काडीकचरा कमी हवेत तापवून वायू काढण्याची दुसरी पद्धतही आहे.

पण इथे प्लॅटिनमचा नखरा आडवा येतो. तापवून काढलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो प्लॅटिनमला असा चिकटतो की हायड्रोजनला जागाच उरत नाही. म्हणून गाडीत भरायच्या हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइड दहा लाख भागांत ०.२ भागापेक्षा जास्त चालत नाही, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. सल्फरची मर्यादा त्याहून कडक. शेतातल्या कचऱ्यापासून इतका शुद्ध वायू काढायचा म्हणजे शुद्धीकरणाचा खर्च आला.

यावर दोन उपाय आहेत. एक, प्लॅटिनममध्ये रुथेनियम मिसळणे. त्याने कार्बन मोनॉक्साइड काही प्रमाणात सहन होतो. दोन, सेल १५० अंशांच्या आसपास चालवणे. त्या तापमानाला कार्बन मोनॉक्साइडची पकड सुटते. सप्टेंबर २०१९ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी सीएसआयआरच्या अशा ५ किलोवॉटच्या उच्च तापमान फ्युएल सेलचे अनावरण केले होते. तो मिथेनॉल किंवा बायोमिथेनवर चालू शकतो. त्यात एनसीएलबरोबर पुण्याची थरमॅक्स आणि रिलायन्स यांचा सहभाग होता. अशा सेलमध्ये प्लॅटिनम मात्र जास्त लागते, आणि तो सुरू व्हायला वेळ घेतो. त्यामुळे बसपेक्षा मोबाइल टॉवर, दवाखाना, शीतगृह अशा एका जागी उभ्या असलेल्या कामांना तो अधिक योग्य. गावपातळीवर हायड्रोजन आधी येईल तो बहुधा याच वाटेने.

प्लॅटिनमशिवाय जमणारच नाही का?

प्रयत्न जोरात आहेत. कार्बनच्या जाळीत नायट्रोजन आणि मध्ये लोखंडाचा एकेक सुटा अणू, अशी रचना सर्वात आश्वासक मानली जाते. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही लोखंडाभोवती नायट्रोजनच असतो आणि तोही ऑक्सिजन धरून सोडतो. कॅनडाच्या बॅलार्ड कंपनीने जपानच्या निशिनबोसोबत २०१७ मध्ये अशा प्रकारच्या, मौल्यवान धातू नसलेल्या उत्प्रेरकाचा वापर असलेला छोटा, ३० वॉटचा फ्युएल सेल आणला.

बससाठी मात्र हे अजून दूर आहे. लोखंडाचा उत्प्रेरक आम्लात लवकर दमतो. शिवाय अभिक्रियेत थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, लोखंडाशी त्याची गाठ पडली की पडदा कुरतडला जातो.

तेलाची आयात जाऊन प्लॅटिनमची येणार?

ही भीती अगदीच खोटी नाही. जगातले सुमारे ७० टक्के प्लॅटिनम एकट्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतून येते. भारतात ओडिशात या गटातील धातूंचे साठे आहेत, पण आपली गरज भागते ती आयातीवरच. पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या एका प्रकारच्या यंत्रात इरिडियम लागते. ते तर जगभरात वर्षाला सात-आठ टनच निघते. निकेलवर चालणारी अल्कलाइन यंत्रे हा त्याला पर्याय आहे.

पण एक मोठा फरक आहे. डिझेल जळून जाते, प्लॅटिनम उरते. स्टॅक निकामी झाला तरी त्यातला बहुतांश धातू परत काढता येतो. जुन्या गाड्यांच्या सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधूनही प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम काढतात. भंगाराच्या धंद्यातल्यांना त्याचे मोल चांगले माहीत आहे. ही पुनर्प्राप्ती शास्त्रशुद्ध पद्धतीने देशातच झाली, तर एकदा आणलेला धातू पुन्हा पुन्हा वापरता येईल.

सरकारचा पैसा कुठे चालला आहे?

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला ४ जानेवारी २०२३ रोजी मंजुरी मिळाली. तरतूद १९,७४४ कोटी रुपये. त्यातले १७,४९० कोटी उत्पादनाच्या प्रोत्साहनाला, १,४६६ कोटी पथदर्शी प्रकल्पांना आणि संशोधन-विकासाला ४०० कोटी. म्हणजे शंभरातले दोन रुपये. महाराष्ट्र सरकारनेही जुलै २०२३ मध्ये ८,५६२ कोटींचे हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. कारखाने उभे राहणे गरजेचे आहेच. पण उत्प्रेरक आणि पडदा बाहेरून घेत राहिलो तर सोलर पॅनेलच्या बाबतीत झाले तेच होईल. ऊन आपले, सेल दुसऱ्याचे.

मग लक्षात काय ठेवायचे?

पुढच्या वेळी ‘हायड्रोजनवर धावणार’ अशी बातमी मोबाइलवर आली की तीन प्रश्न विचारा. हायड्रोजन कशापासून काढला? एका किलोवॉटला किती ग्रॅम प्लॅटिनम लागले? आणि स्टॅक किती तास चालला? बातमीत या तिन्हींची उत्तरे नसतील, तर तो अजून प्रयोग आहे असे समजा.

सेलू-परभणीकडच्या बीएस्सी आणि इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट. हे क्षेत्र फक्त मोटारीवाल्यांचे नाही. इलेक्ट्रोकेमिस्ट्री, मटेरियल सायन्स, पॉलिमर, संगणकीय रसायनशास्त्र, या सगळ्यांना इथे जागा आहे. नेट-जेआरएफसारख्या परीक्षेतून एनसीएलसारख्या प्रयोगशाळांत पीएचडीची वाट खुली होते. प्लॅटिनम ३० ग्रॅमवरून १२ वर आणणारे काम शेवटी अशाच कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या टेबलावर होणार आहे.